हात तयार, पण लावायचे नाहीत

४ मार्च

चि. पंडित,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. मुद्द्यावर येते.

तुझ्या भाचीने मला एक फोटो पाठवलाय. त्यात एक दाढीवाला माणूस जमिनीवर उताणा पडलाय, पाय छताकडे. आणि त्याच्या तळपायांवर माझी मुलगी पालथी, हातपाय पसरून, वाळत घातलेल्या चादरीसारखी. दोघंही हसतायत. खाली लिहिलंय, 'आई, मी उडते!' लहानपणी कपाटावर चढायची म्हणून आपण तिचं नाव खारू ठेवलं. तेव्हाच कौतुक केलं नसतं तर बरं झालं असतं.

मी फोन केला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, मी काय बोलले ते तिला पटलं नाही. डाव्या कानाने राजीनामा दिलाय, उजवा नोटीस पिरियडवर आहे. म्हणून पत्र. शिवाय फोनवर तू नुसतं 'हो ताई, हो ताई' करतोस. कागदावर तुला काहीतरी लिहावंच लागतं.

सव्वीस वर्षं मी हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत काढली. माणसं कुठून कुठून पडतात ते मला कोणी शिकवायला नको. शिडीवरून, पलंगावरून, एकजण तर नवे बूट घालून बघताना पडला होता. दुसऱ्याच्या तळपायांवरून पडलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं. पहिला मान आपल्याच घरात नको.

तू त्याच गावात राहतोस. शाळा सुटली की जा, डोळ्यांनी बघ आणि दिसेल ते लिही. मध्ये मध्ये संस्कृत घालू नकोस. तो दाढीवाला कोण, तेही बघ.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. 'साष्टांग' हा शब्द आजवर मी विचार न करता लिहीत आलो. आता आठही अंगं कुठे कुठे आहेत ते कळलं आहे, कारण सगळी दुखत आहेत.

तुझ्या आज्ञेनुसार गेलो. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे. जिन्यात रबराचा वास, वर पायपुसण्यांची रांग, आत निळ्या जाड गाद्या. शिकवणाऱ्या बाई सकाळी दातांच्या डॉक्टर असतात, संध्याकाळी हे. त्यामुळे त्यांनी 'अजून थोडं, झालंच, अजून थोडं' म्हटलं की हात आपोआप गालावर जातो. प्रकाराला त्या जोडीचा योग म्हणतात. अर्धा भाग आसनं, अर्धा भाग सर्कस. पतंजलींनी सर्कस पाहिली असती तर एखादं सूत्र वाढलं असतं, एवढंच म्हणतो. (हे संस्कृत नाही, मत आहे.)

रचना अशी. जो खाली पडतो तो बेस, वर जाणारी फ्लायर, आणि बाजूला उभा राहतो तो स्पॉटर. मी मनातल्या मनात त्यांना आधार, खेचर आणि तटस्थ अशी नावं दिली. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा. ही व्युत्पत्ती खारूला सांगितली तर ती म्हणाली, "मामा, तू मला गाढवाच्या मावसभावंडांत बसवलंस." मराठीने संस्कृतची केलेली दैना, दुसरं काय.

दाढीवाला लिफ्ट दुरुस्त करतो. वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. तोच तिचा बेस. त्याने पाय वर केले, तिने कंबर त्याच्या तळपायांना टेकवली, आणि पुढच्या क्षणी ती वर. ताई, खरं सांगतो, मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. बाईंनी सवयीने माझी दाढ बघून घेतली.

मग म्हणाल्या, "नुसते बघताय कशाला? स्पॉटर कमी आहेत." अशा रीतीने तुझा हेर पकडला गेला आणि कामाला लावला गेला. स्पॉटरचे नियम तीन. हात सदैव तयार ठेवायचे, पण लावायचे नाहीत. पडायला लागलीच तर कमरेला आणि पाठीला आधार द्यायचा, हात किंवा मनगट कधीही धरायचं नाही. आणि कोणीही, कुठल्याही कारणाने, 'खाली' म्हटलं की सगळ्यांनी खाली यायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही. आमच्या शिक्षकसभेत हा तिसरा नियम लागू व्हावा असं मला फार वाटतं.

आता मी मंगळवार-शुक्रवार जातो. काळजी नसावी.

पंडित


१९ मार्च

चि. पंडित,

तुला बघायला पाठवलं आणि तू नाव नोंदवून आलास. लग्नाला गेलेल्याने बोहल्यावर बसावं तशातला प्रकार.

बरं. तू तिथे उभा असतोस म्हणून मी हो म्हणते, नाहीतर मी उद्याच्या गाडीने आले असते. पण तुझे ते नियम मला पटले नाहीत. हात लावायचे नाहीत म्हणजे? माझी पोर वरून खाली येतेय आणि तू काय साक्षीदार म्हणून उभा? ते नियम परक्यांसाठी. तू मामा आहेस. ती पडायला लागली की धर. हात, पाय, वेणी, हाताला येईल ते धर. काहीही धर.

त्या लिफ्टवाल्याचं लग्न झालंय का? सहज विचारतेय.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,

सहज विचारलेल्या प्रश्नाचं सहज उत्तर: नाही झालेलं. पण तू समजतेस तसं काही दिसत नाही. त्यांच्या गप्पा ऐकशील तर झोप येईल. "डावा अंगठा बाहेर घे." "श्वास सोड." "टाच टोचतेय." आपल्या आईबाबांचा संसार चाळीस वर्षं साधारण याच संवादांवर चालला, हे मात्र खरं.

माणूस विचित्र आहे, चांगल्या अर्थाने. परवा मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत? तिचा सगळा भार तुझ्यावर." तो म्हणाला, "मामा, भाराची भीती नसते. लिफ्ट भाराने पडत नाही. कोणीतरी बघितलेलं सांगत नाही, म्हणून पडते." (सगळा वर्ग मला मामा म्हणतो. बाईसुद्धा, आणि त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहेत.)

खारू आता त्याच्या तळपायांवर खुर्चीत बसल्यासारखी बसते आणि वर बसून केस बांधते. दिवसभर कचेरीत नळांचे आणि गटारांचे नकाशे काढते, पाठ वाकवून. वर गेली की ती पाठ सरळ होते. हे तुला आईच्या नजरेने बघायला मिळायला हवं होतं.

मलाही वर चल म्हणतात. मी चौऱ्याऐंशी किलोंचं कारण पुढे केलं. लिफ्टवाला म्हणाला, "माझी क्षमता शंभर आहे." लिफ्टच्या डब्यांवर तशी क्षमता लिहिलेली असते म्हणे, तो स्वतःवरही लिहून घेणार आहे. मी नम्र नकार दिला. माझं स्थान तीरावर.

पंडित


२१ एप्रिल

ती. ताईस,

आधी शेवट सांगतो. खारू बरी आहे, घरी आहे आणि आताच माझ्या हातचा चहा पिऊन 'पाणचट' म्हणाली आहे.

शुक्रवारी ती पडली. उजवा खांदा निखळला. बेसच्या पायांवर बसली होती, उतरताना तोल गेला. त्याचा पाय हलला. बाई पलीकडच्या जोडीपाशी होत्या. दवाखान्यात अर्ध्या तासात खांदा बसवला, फोटो काढला, हाड शाबूत आहे. हात तीन आठवडे झोळीत, मग व्यायाम. तुला सगळं तपशीलवार हवं असतं म्हणून लिहितो: तळहात, कोपर, गुडघे कुठेही खरचटलेलं नाही. मनगटावर चार तांबड्या रेघा आहेत, त्या दोन दिवसांत जातील असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत लिफ्टवाल्याने कोणालाही तिच्या हाताला हात लावू दिला नाही. स्वतःचा शर्ट काढून त्याने तिचा हात उशीसकट अंगाशी बांधला.

त्याला बाईंनी विचारलं, "पाय हलला का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आधीच म्हटलं होतं, हलला. तो म्हणाला, "हलला असेल."

काळजी करू नकोस. मी आहे.

पंडित


३० एप्रिल

चि. पंडित,

पत्र मिळालं. झोळी सुटली की खारूला इकडे घेऊन ये. नकाशे इथेही काढता येतात, गटारं सगळीकडे आहेत.

त्या लिफ्टवाल्याचा पत्ता पाठव. मला त्याला चार शब्द लिहायचे आहेत.

ताई


८ मे

ती. ताईस,

पत्ता शोधतो आहे. तो दोनदा घर बदलणार होता असं ऐकलं, कदाचित बदललंही असेल. तू त्याला लगेच लिहू नयेस असं माझं मत. तो आधीच वर्गाला यायचा थांबला आहे. बाईंचा नियम असा की फ्लायरला इजा झाली तर कारण कळेपर्यंत बेसने कोणालाही उचलायचं नाही. तो नियम त्यांनी सांगायच्या आधीच याने स्वतःला लावून घेतला.

खारू फार बोलत नाही. डाव्या हाताने रेघा ओढत बसते. मी म्हटलं, बरी झालीस की पुन्हा जा. म्हणाली, "त्याच्या पायांवर? नाही मामा. वर असताना मला फक्त त्याचे पाय माहीत असतात. तेच हलले तर मग काय उरलं?" तुझ्याकडे यायला ती तयार आहे. सामान बांधायला काढलं आहे.

तेव्हा तुझे चार शब्द राहू देत. आणखी एक दुखणं त्याच्या मागे कशाला?

माझी प्रकृती ठीक. झोप थोडी कमी.

पंडित


१७ मे

ताई,

आज नमस्कार-चमत्कार नको.

काल खारूच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं, आणि आत हा. मला पाहून बाहेर आला, हात पुसले. बरं झालं भेटलात, म्हणाला. मग जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"मामा, लिफ्ट पडली की कारण सापडेपर्यंत ती चालू करायची नाही, असं आमच्यात असतं. मी रोज सकाळी घरी पाय वर करून पडतो. त्यावर वाळूची गोणी ठेवतो. आधी वीस किलो, मग चाळीस, आता पंचावन्न, तिच्याएवढी. दहा-दहा मिनिटं. शेजाऱ्याला मोबाइलवर चित्रण करायला लावतो. अठ्ठावीस दिवस झाले, पाय हलत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले काही नाही. तुम्ही जवळ होतात. तुम्ही पाहिलंत. कुठला हलला हो? डावा की उजवा? तेवढं कळलं तर मला शोधता येईल."

ताई, कुठलाच हलला नव्हता.

खारूचा तोल गेला, तो आपला ती केस बांधताना मागे कलली म्हणून. तो पाय वाकवून तिला खाली घेत होता, सावकाश, लिफ्टचा डबा मजल्याला लागतो तसा. ती त्याच्या शेजारी पायांवर उतरली असती. मी मध्ये पडलो. दोन्ही हातांनी नव्हे, एका हाताने तिचं मनगट धरलं आणि जीव खाऊन वर ओढलं. ती खाली जात होती, तिचा हात वर गेला. आवाज झाला. तो आवाज मी रोज ऐकतो.

मग बाई धावत आल्या, काय झालं, काय झालं, आणि माझ्या तोंडून निघालं, "याचा पाय हलला." पायाबद्दल कोणी विचारलंही नव्हतं. तीस वर्षं पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले आणि एक वाक्य असं बोललो की त्यात एकही शब्द खरा नव्हता. खारूचे डोळे मिटलेले होते, तिला एक हिसका आठवतो. त्याला खालून तिची पाठ दिसत होती. पाहणारा मी एकटाच. आणि ज्याने पाहिलं त्यानेच सांगितलं नाही. लिफ्ट कशाने पडते याबद्दल तो काय म्हणाला होता ते तुला मीच लिहिलं होतं.

मी त्याला तिथेच, लिफ्टच्या दारात सांगितलं. त्याने खाली वाकून आपले दोन्ही गुडघे चाचपले. मग म्हणाला, "म्हणजे पाय ठीक आहेत." एवढंच. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

वर जाऊन खारूला सांगितलं. ती रागावली. "अठ्ठावीस दिवस मामा! तो वाळूची गोणी उचलत होता आणि तू मला चहा करून देत होतास!" मग दार लावून घेतलं. तिने ते दार अजून उघडलेलं नाही. शुक्रवारी वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे.

त्याचा पत्ता सोबत जोडला आहे. तो पहिल्यापासून माझ्याकडे होता. चार शब्द लिहायचेच असतील तर ते माझ्या नावाने लिही.

पंडित


२५ एप्रिल

चि. पंडित,

तारीख बघून चक्रावू नकोस, वरची तारीख बरोबर आहे. तुझं एकवीस तारखेचं पत्र आज दुपारी आलं आणि हे मी लगेच लिहायला घेतलं.

अरे शहाण्या, सव्वीस वर्षं मी काय प्लास्टर कालवत नुसती बसले होते? पडलेलं माणूस जमिनीवर हात टेकतं. तळहात सोलतात, कोपर फुटतं, गुडघा सुजतो. तू स्वतःच लिहितोस, कुठेही खरचटलेलं नाही. आणि मनगटावर चार तांबड्या रेघा. जमिनीला बोटं नसतात, पंडित.

असे हात मी कितीतरी पाहिलेत. रस्ता ओलांडताना आई पोराला हिसका देऊन ओढते, तेव्हाचे. आयांना विचारलं की सगळ्या एकच सांगतात: 'पडला हो.' मीही वहीत 'पडला' असंच लिहीत असे. कोणी दुष्टपणाने ओढत नाही. घाबरून ओढतं.

आणि तुला ओढायला कोणी सांगितलं होतं? 'काहीही धर' हे कोणी लिहिलं? तुझ्या बाईंनी नियम शिकवला होता, मी तो मोडायला लावला. तेव्हा अर्धा दोष माझा, तो मी घेऊन ठेवलाय. पण 'पाय हलला' हे मी लिहायला सांगितलं नव्हतं. ते सगळं तुझं.

त्या मुलाला मला आभाराचे चार शब्द लिहायचे आहेत. निखळलेला खांदा न ओढता, न चोळता, उशीसकट बांधणारा माणूस हजारात एक. त्याने ते केलं नसतं तर शिरेला धक्का बसून तिचा पेन्सिलीचा हात गेला असता. पत्ता मागेन. तू घाबरून देणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

हे पत्र मी आज टाकत नाही. तू सांगशील तेव्हा टाकेन. लहानपणी शाईची दौत सांडून तू तीन दिवस मांजरावर ढकललं होतंस आणि चौथ्या दिवशी रडत आला होतास. मी थांबू शकते.

ताई

ता. क. २१ मे. तुझं पत्र आज आलं. मांजराच्या वेळी तीन दिवस लागले होते, आता महिना लागला. वय झालं तुझं. पण एक सांगते, या वेळी मीही चुकले. मी थांबले ते तुझ्याकडे बघून, तिकडे एक माणूस रोज वाळूची गोणी उचलत असेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याला वेगळं पत्र टाकलंय. त्यात आभार दोन ओळी आणि माफी एक पान.

खारूला म्हणावं, सामान सोड.


१४ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, या वेळी अर्थासकट.

खारूने दार चौथ्या दिवशी उघडलं. उघडून म्हणाली, "चहा मी करते. तुझा पाणचट असतो." सामान अजून बांधलेलंच आहे, पण त्यातून रोज एकेक वस्तू बाहेर येते आहे. काल इस्त्री आली. इस्त्री आली म्हणजे माणूस राहणार.

तुझं पत्र लिफ्टवाल्याने मला वाचू दिलं नाही. घडी करून अवजारांच्या डब्यात ठेवलंय, मोठ्या पान्याखाली.

वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी विचारलं, "अजून दुखतंय कुठे?" दातांचाच प्रश्न, पण बरोबर लागला. मी म्हटलं, त्याने मला माफ केलं की नाही तेच कळत नाही. त्या लिफ्टवाल्याकडे वळल्या. तो गादीवर उताणा पडला, पाय वर केले आणि म्हणाला, "मामा, या."

ताई, चौऱ्याऐंशी किलो. मी कारणं काढली. पाठ, चष्मा, वय, विजार. शेवटी कारणं संपली. त्याचे तळपाय माझ्या कमरेला लागले, मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि जमीन गेली. वरून हॉल वेगळाच दिसतो. कपाटावर कोणाची तरी एक चप्पल आहे, धुळीने भरलेली. बाजूला खारू उभी होती, स्पॉटर म्हणून. झोळी सुटली आहे, उजवा हात अजून खांद्यापर्यंतच उठतो. दोन्ही हात तयार, पण लावलेले नाहीत. माझ्यापेक्षा शंभरपट बरी तटस्थ.

तो खालून म्हणाला, "मामा, हात सोडा."

मी म्हटलं, "नको."

"तुम्ही हात धरलेत की मला तुमचा तोल सांभाळता येत नाही. सोडा."

एक सोडला. मग दुसरा. बाईंनी मोजलं, अकरा सेकंद. अकराव्या सेकंदाला मी "खाली" म्हटलं आणि त्याने मला खाली घेतलं, सावकाश. कोणी 'का' असं विचारलं नाही.

तो मात्र उठून बसला. कपाळाचा घाम पुसला, आपल्या पायांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मामा, पाय हलला का?"

"नाही," मी म्हटलं. "दोन्ही नाही."

पंडित